सगळ्या चिठ्ठ्यांवर ६३

सोलापुरात गड्ड्याची जत्रा उठली की आमच्या ओपीडीत गर्दी वाढते. ‘सण होऊ दे, मग बघू’ म्हणून थांबवलेली माणसं तेव्हा आणली जातात. अशाच एका सोमवारी पूर्व भागातली एक बाई नवऱ्याला घेऊन आली. ती घरी विड्या वळणारी, तो अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघणारा. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.) मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवताना केसपेपरवर ‘मटका’ एवढंच लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

बाईने तंबाखूचा जुना डबा टेबलावर उपडा केला. चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. विडीला बांधतात त्याच बारीक दोऱ्याने त्यांचे गठ्ठे नीट बांधलेले. “ह्यांचं काय चाललंय बघा की मॅडम. बचत गटाचं कर्ज झालं, माझं कानातलं गेलं. आणि लागलेलं पैसेबी आणत नाहीत.”

शेवटचं वाक्य मी तिला परत बोलायला लावलं.

“दोनदा जोडी लागली. बुकीचा माणूस दारात येऊन सांगून गेला, पैसे न्या म्हणून. हे गेलेच नाहीत.”

मटका हा मूळचा कापसाचा जुगार. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव मुंबईला यायचे, त्यांच्यावर पैसे लागायचे. साठच्या दशकात ते भाव येईनासे झाल्यावर आकडे मडक्यातून आणि पुढे पत्त्यांतून काढायला लागले. गिरण्यांच्या गावात तो रुजला नसता तरच नवल. ०० ते ९९ मधली एक जोडी लावायची, लागली तर दहा रुपयांचे नऊशेच्या आसपास मिळतात. शक्यता शंभर आणि पैसे नव्वदपट, म्हणजे बुकीचं पोट कुठे भरतं ते उघड आहे. खेळणारा ते बघत नाही. तो जुने चार्ट बघतो, ‘आज अमुक आकडा येणारच’ म्हणतो, आणि एका घराने हुकला की दुप्पट लावतो.

हा माणूस हिशेबनीस, पण चार्टचं नाव काढलं तर कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिला. मी चिठ्ठ्या चाळल्या. सगळ्यांवर एकच जोडी, ६३.

बाईला जरा बाहेर बसायला सांगितलं. तरी बोलायला त्याने वेळ घेतला. पोरगा डेंग्यूने अ‍ॅडमिट होता, खाट नंबर ३६. आता मराठी माणसाला ३६ बद्दल काय सांगायचं? ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे. पोरगा बरा होऊन शाळेत जायला लागला, पण याच्या डोक्यातून ३६ जाईना. बिलात, गाडीच्या नंबरात, घड्याळात दिसला की धस्स व्हायचं: पोराला काहीतरी होणार. उतारा म्हणून ६३ लिहायचा, तोंडाकडे तोंड केलेला. आधी तो वहीत लिहायचा. पण नीट लिहिलं का, मनापासून लिहिलं का, ही शंका परत यायचीच.

“दुसऱ्याच्या हातानं लिहिलं, वर पैसे गेले, म्हणजे पक्कं झालं ना मॅडम.”

म्हणून मटका. टपरीवरच्या पोराने घाईत ३ वेडावाकडा काढला की ती चिठ्ठी बाद, पुढच्या टपरीवर दुसरी. अशाने एका दिवसात चार-पाच टपऱ्या व्हायच्या.

“आणि जोडी लागली तेव्हा?”

“घाबरलो. पैसे घ्यायचे तर चिठ्ठी द्यायला लागते. मग पोराची राखण कोण करणार?”

जुगाराच्या केसमध्ये घरचे ‘किती घालवले’ ते सांगतात आणि बरेचदा आपणही तेवढंच लिहून घेतो. मला त्यापेक्षा ‘लागल्यावर काय वाटलं’ आणि ‘नाही खेळलात तर काय होईल’ हे दोन प्रश्न जास्त कामाचे वाटतात. त्याच सकाळी एक तरुण येऊन गेला होता, क्रिकेटवर पैसे लावणारा. तोही दर मिनिटाला मोबाइल तपासायचा, ठरलेल्या खुर्चीवर बसायचा, ठरलेला टी-शर्ट घालायचा. वरवर बघणाऱ्याला ओसीडी, म्हणजे नको ती भीती मनात परत परत येणं आणि ती शमवायला तीच कृती करत राहणं, हा आजार यालाच वाटला असता. पण जिंकल्याची गोष्ट सांगताना त्याचे डोळे चमकत होते, आणि गेलेले पैसे एका झटक्यात वसूल करायची भाषा तो माझ्यासमोरही सोडत नव्हता. त्याला काहीतरी मिळवायचं होतं. या हिशेबनिसाला काहीच मिळवायचं नव्हतं, काहीतरी टाळायचं होतं.

‘राहवत नाही’ हे दोघंही म्हणतात, म्हणून घोळ होतो. तो पुस्तकांतही झालेला आहे. जुगाराचं निदान डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात, १९८० साली आलं ते आवेग न आवरण्याच्या आजारांत. मधल्या काळात तो ओसीडीचाच भाऊबंद आहे असं मानणारे बरेच होते. जुगाऱ्यांमध्ये ओसीडीसारखी लक्षणं इतरांपेक्षा जास्त आढळल्याचे अभ्यासही आहेत. शेवटी २०१३ च्या आवृत्तीत जुगार व्यसनांच्या प्रकरणात गेला आणि ओसीडीला स्वतंत्र प्रकरण मिळालं. ही वाटणी मला पटते, पण ओपीडीत माणसं प्रकरणं बघून येत नाहीत. काहींना दोन्ही असतं.

फरक औषधांनाही पडतो. ओसीडीला एसएसआरआय गटातली (डिप्रेशनलाही देतात ती) गोळी बरेचदा मोठ्या डोसमध्ये लागते आणि गुण दिसायला दोन-तीन महिने जातात. तेवढ्याने भागलं नाही तर कधी जोडीला अरिपिप्राझोल हे दुसरं मानसोपचाराचं औषध देतात. याच औषधाने काहींना जुगाराची अनावर ओढ लागते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०१६ मध्ये दिला होता. डॉक्टरांना केस सांगितली तेव्हा तेच म्हणाले, “हे औषध इथे शक्यतो नकोच.”

माझ्याकडचं काम म्हणजे भीतीच्या समोर बसवायचं आणि उतारा करू द्यायचा नाही. त्याच दिवशी थोडी सुरुवात केली. डाव्या तळहातावर स्केचपेनने ३६ लिहायला सांगितलं. लिहिताना हात थरथरत होता. शंभरापैकी भीती किती? “नव्वद.” आता ६३ लिहायचा नाही, मनातही म्हणायचा नाही. तो मान हलवून बसला. दहा मिनिटांत मला फारच शांत वाटायला लागला, म्हणून नीट बघितलं, तर उजवा अंगठा पँटवर हलत होता. गुपचूप ६३ गिरवत होता! दोन्ही हात टेबलावर घ्यायला लावले आणि घड्याळ परत पहिल्यापासून. आता घाम फुटला, दोनदा उठून उभा राहिला, “पोराला एक फोन करू का?” म्हणाला. नाही म्हटलं. ओपीडी संपता संपता आकडा पन्नासवर आला. उतारा न करता भीती खाली येते हे त्याला नवीनच होतं, आणि त्याचा त्यावर विश्वास बसत नव्हता हेही दिसत होतं.

बाईला आत बोलावून समजावलं. हे पैशाचं वेड नाही, भीतीचा आजार आहे, वेळ लागेल, आणि “देवाला घाबर” वगैरे म्हणायचं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. चिठ्ठ्या परत डब्यात भरताना त्यातल्या दोन तिने बाजूला काढल्या.

“मॅडम, ह्या लागलेल्या. ह्याचं पैसे तो आता देईल का हो?”

मटकाच बेकायदा, १८८७ च्या कायद्यापासून जुगार गुन्हा आहे, तर दाद कुठे मागणार, असं मी काहीतरी बोलले. ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, “अठराशे रुपये होते. हप्ता गेला असता.”