गाळ्यांचं पार्किंग नकाशात होतं

पुण्यात कोथरूडला आमच्या गल्लीत जुने बंगले आणि तीन मजली सोसायट्या पाडून एकामागून एक नव्या इमारती झाल्या आणि प्रत्येकीच्या तळमजल्यावर गाळे आले. आधी औषधांचं दुकान, मग केक शॉप, दाताचा दवाखाना, वरच्या मजल्यावर अकरावी-बारावीचे क्लास आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यावर मिसळ आणि थाळीचं हॉटेल. यातलं एकही दुकान नको, असं मला कधी वाटलं नाही. सासूबाईंना औषधासाठी कर्वे रस्ता ओलांडावा लागत नाही, याचं मोल मला चांगलं कळतं. प्रश्न होता तो गाड्यांचा.

रस्ता ९ मीटरचा. एका बाजूला दुचाकी काटकोनात लावल्या की २ मीटर गेले. समोर चारचाकींची रांग, तिचेही जवळपास तेवढेच. उरलेल्या जागेतून दोन्हीकडची वाहतूक, स्कूल व्हॅन, पाण्याचा टँकर, आणि हॉटेलच्या दारात ऑर्डरची वाट बघत थांबलेली स्विगी-झोमॅटोची मुलं. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून सकाळी गाडी आमच्याकडे लावून मेट्रोने पुढे जाणारेही आहेत. रात्री आठला आपल्याच फाटकातून गाडी बाहेर काढायची तर आधी हॉटेलात जाऊन "एमएच बारा अमुक अमुक कोणाची?" असं विचारत फिरायचं.

सोसायटीच्या सभेत व्हायचं तेच झालं. कोणी म्हणालं टोइंगवाल्यांना बोलवा, कोणी म्हणालं रस्त्यावर कुंड्या मांडा. मी सेक्रेटरी आहे. कुंड्यांना मी साफ नकार दिला. रस्ता आमच्या मालकीचा नाही, आणि दुकानदारांशी भांडून राहायचं नाही हे माझं ठरलेलं होतं.

मार्ग सापडला तो केक शॉपवाल्या ताईंशी बोलताना. दुकान सुरू करताना काय काय लागलं, असं मी त्यांना विचारलं. भाडेकरार, विजेचा व्यापारी मीटर, अन्न परवान्याची नोंदणी, आणि शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना. (२०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला परवान्याऐवजी नुसती सूचना पुरेशी ठरवली.) गिऱ्हाइकांच्या गाड्या कुठे लागणार, हे त्यांना कुठल्याच खिडकीवर कोणी विचारलं नव्हतं. घरी येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. गाड्यांचा हिशेब एकदाच मांडला जातो, इमारतीचा नकाशा मंजूर होताना. तर मग तो नकाशाच बघू या.

राज्य सरकारच्या २०१८च्या परिपत्रकाने महापालिकांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख, म्हणजे दफ्तरातली कागदपत्रं, पाहण्याची सोय केली होती. मी एका सोमवारी रजा टाकून बांधकाम विभागात गेले. मंजूर नकाशावर एका कोपऱ्यात पार्किंगचा तक्ता असतो. कुठल्या वापरासाठी किती चारचाकी, किती दुचाकी, ते त्यात लिहिलेलं असतं, आणि नकाशात त्या जागांचे चौकोन आखलेले असतात. चारचाकीला अडीच बाय पाच मीटर, दुचाकीला एक बाय दोन. तिथल्या कनिष्ठ अभियंत्यांनी मला ते नीट समजावून सांगितलं. कोपऱ्यावरच्या इमारतीच्या तक्त्यात गाळ्यांच्या वाट्याची जागा वेगळी दाखवली होती, बहुतेक सगळी बाजूच्या मोकळ्या जागेत, उघड्यावर. आणखी एक गोष्ट तिथे कळली. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमांत, दुकानाचा पार्किंगचा निकष वेगळा आणि उपाहारगृहाचा वेगळा आहे. तक्त्यात सगळे गाळे दुकानं म्हणूनच धरले होते.

साक्षांकित प्रतीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज केला. ज्यांना करायचा आहे त्यांच्यासाठी सांगते: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. तक्रार त्यात लिहू नका. फक्त "अमुक सर्व्हे नंबरवरील इमारतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र यांची प्रत" (भोगवटा पत्र म्हणजे इमारत वापरायला दिलेली परवानगी) एवढंच मागा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाची पोच घ्या. तीस दिवसांची मुदत असते. मला प्रत मुदतीत मिळाली.

प्रत हातात घेऊन त्या बाजूच्या जागेशी गेले तर तिथे दोन गोष्टी होत्या. पुढच्या भागात साखळी आणि "पार्किंग फक्त रहिवाशांसाठी" असा फलक. मागच्या भागात हॉटेलचा पत्र्याचा शेड, त्यात भांडी घासायची मोरी आणि गॅसचे सिलिंडर.

हॉटेलचा मालक कराडकडचा, तिशीतला मुलगा. मी तक्रार करायला आले असं समजून तो आधी ताठ उभा राहिला. नकाशा टेबलावर उलगडला तसा खाली बसला. म्हणाला, "ताई, मला गाळा दाखवताना एजंट म्हणाला होता, पार्किंग समोर रस्त्यावर आहे की. आणि या शेडच्या जागेचं मी गाळामालकाला वेगळं भाडं देतो." गिऱ्हाइकांच्या दुचाकी जिथे लागायच्या, तीच जागा त्याला भाड्याने दिली होती. उघडं पार्किंग हे २०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्यात सामाईक क्षेत्रात मोडतं. ते भाड्याने देण्याचा एकट्या गाळामालकाला अधिकारच नव्हता. त्या मुलाचा मला राग आला नाही. कर्ज काढून धंदा टाकलेला माणूस नकाशे बघायला कुठे जाणार?

वरच्या रहिवाशांचं म्हणणंही मी पूर्ण ऐकून घेतलं. रात्री अकराला हॉर्न, कोपऱ्यात थुंकणं, मुलींच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर घोळका. म्हणून त्यांनी साखळी लावली. कारण खरं होतं, पण त्या साखळीमुळे त्यांच्याच इमारतीतल्या दुकानांच्या गाड्या आमच्या फाटकाशी येत होत्या.

शेडची मात्र मी लेखी तक्रार केली, आणि तसं हॉटेलवाल्याला आधी सांगून केली. आगीचा बंब जायच्या वाटेत सिलिंडर ठेवलेले असताना तोंडी समजुतीवर भागवायचं नसतं. स्थळपाहणी झाली, विनापरवाना शेडसाठी एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस लागली. हॉटेलवाल्याने शेड स्वतःच उतरवला, आणि नकाशाच्या प्रतीच्या जोरावर गाळामालकाकडून भाडंही कमी करून घेतलं. मग तिन्ही बाजूंची बैठक आमच्या सोसायटीच्या ऑफिसात झाली. साखळी दिवसा आणि रात्री साडेदहापर्यंत उघडी राहील, संध्याकाळच्या रखवालदाराचा पगार हॉटेल देईल, डिलिव्हरीची मुलं आत मागे थांबतील, असं लिहून सह्या झाल्या. दुकानांतल्या नोकरांच्या गाड्या दिवसभर दारात उभ्या राहून गिऱ्हाइकांचीच जागा खातात, हेही त्या बैठकीत पहिल्यांदा मोकळेपणाने बोललं गेलं. आता त्या आत लागतात.

रस्त्यासाठी वाहतूक शाखेकडे पी-१, पी-२ चा अर्ज केला, म्हणजे सम तारखेला एका बाजूला गाड्या आणि विषम तारखेला दुसऱ्या. फोटो संध्याकाळी आठचे जोडा. सकाळी अकराच्या फोटोत गल्ली रिकामी दिसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ ते ११७ खाली आधी तात्पुरता आदेश निघतो, हरकती-सूचना मागवतात, मग तो कायम होतो. केक शॉपवाल्या ताईंनी मालाचा टेम्पो थांबायला दारासमोर थोडी जागा मागितली. मीही त्या पत्रावर सही केली.

रस्त्यावर पैसे घेऊन पार्किंग असावं, असं माझं मत आहे. महापालिकेच्या मुख्य सभेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, त्यात ही कल्पना होती आणि तिला शहरात कडाडून विरोध झाला. पण फुकट जागेवर मेट्रोवाल्याची गाडी दिवसभर उभी राहणार असेल, तर दाताच्या दवाखान्यात आलेल्या आजोबांना जागा कशी मिळायची?

क्लासचा प्रश्न सुटलेला नाही. सहाला एक बॅच सुटते आणि दुसरी भरते, तेव्हा पोरांच्या गाड्यांनी अजूनही गल्ली भरते. दोन बॅचमध्ये अर्धा तास सोडा, असं क्लासच्या सरांना सुचवलंय, जूनच्या वेळापत्रकात बघतो म्हणाले. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एका इमारतीचं काम जोत्यापर्यंत आलंय, खाली पुन्हा गाळे आहेत. तिच्या नकाशाच्या प्रतीसाठी अर्ज देऊन ठेवलाय. गाळे बघायला येणाऱ्यांना तो नकाशा आमच्या ऑफिसात पाहायला मिळेल.