माळीमामांना बोल लावू नका

आज सोसायटीत लॉनवरून बरीच बोलाचाली झाली. मशीन नुकतंच फिरलंय आणि तरी गवतावर पुन्हा तुरे, म्हणून सगळे माळीमामांवर घसरले. "अजून खाली घालून कापा," असा हुकूमही सुटला. मला हे अजिबात पटलं नाही.

आपल्या लॉनमध्ये हरळी आहे, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वाच. मशीन कापतं ती वरची पाती. वाढीचे कोंब जमिनीलगतच्या पेरांवर असतात, तिथे मशीनचं पातं पोचतच नाही. तुरा धरायची वेळ आली की कोंब पानं सोडून ताठ दांडी वर काढतो, आणि दोन कापण्यांच्या मधे तुरा बाहेर! आज एक उपटून नीट पाहिला. उंची दोन बोटंसुद्धा नव्हती, पण टोकाला एकाच ठिकाणाहून फुटलेल्या चार जांभळट काड्या, प्रत्येकीच्या एकाच अंगाला दोन ओळींत दाटीने बसलेली बारीक कणसं.

पाण्याचा ताण, नत्राची कमतरता किंवा फार बुटकी कापणी, यांनी तुरे उलट वाढतात. गोल्फच्या मैदानांवर पोआ अ‍ॅन्युआ नावाचं गवत जेमतेम 3 मिलिमीटरवर कापतात, तेही तिथे बी धरतं.

त्यामुळे कमिटीला कळकळीची विनंती: कापणीची उंची थोडी वाढवू द्या, बेताने युरिया आणि भरपूर पाणी द्या. पातं बोथट झालंय, दांड्या कापल्या न जाता चिंधडतात. उद्या मामांबरोबर मी धार लावायला जातोय.