शिंकांचं मूळ गादीत निघालं

डोळे धड उघडायच्या आत माझ्या लेकीच्या शिंका सुरू व्हायच्या. ओळीने दहा-बारा. नाक चोळून चोळून लाल. मी रोज घर झाडून काढायचे, अगदी कपाटांच्या माथ्यापासून, आणि झाडलं की तिचं नाक आणखीच चोंदायचं.

त्वचेच्या ॲलर्जी चाचणीत डस्ट माइटच्या, म्हणजे घरातल्या धुळीतल्या बारीक किड्यांच्या, अर्काच्या थेंबाखाली टरटरून गांध उठली. डॉक्टरांनी विचारलं, "हिची गादी केव्हाची आहे?" मला आठवेना.

हे किडे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. चावत नाहीत. आपल्या त्वचेच्या झडलेल्या कोंड्यावर जगतात, पाणी हवेतल्या ओलाव्यातून शोषतात. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. ऊब, दमटपणा, कोंडा, सगळं गादीत. आणि माझं पोर रात्रभर त्यातच नाक खुपसून झोपत होतं.

आधी आम्ही हवा शुद्ध करणारं यंत्र आणलं होतं. त्याचा फार उपयोग झाला नाही, कारण हे कण जड असतात, उडाले तरी थोड्याच वेळात खाली बसतात. खरा फरक पडला गादी-उशांना चहूबाजूंनी चेनने बंद होणाऱ्या दाट विणीच्या खोळी घातल्यावर. चादरी, अभ्रे, पांघरुणं दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात. कोमट पाण्यात किडे मरत नाहीत.

तिच्या कापडी सशाला एवढं गरम पाणी सोसलं नसतं. त्याला पिशवीत बांधून अख्खा दिवस फ्रीजरमध्ये ठेवला. ती दर थोड्या वेळाने दार उघडून बघायची, "आई, त्याला थंडी वाजत असेल." नंतर तो धुतलाही, कारण थंडीने किडे मरतात, विष्ठा तिथेच राहते. हे मला फार उशिरा कळलं. नुसतं मारून भागत नाही, धुऊन काढावं लागतं.

झाडूऐवजी आता ओलं फडकं, तेही ती खोलीत नसताना. आर्द्रता 50 टक्क्यांच्या आत ठेवायला धडपडते. रोज जमत नाही. नाकातला फवारा डॉक्टरांच्या सांगण्यानुसार चालूच आहे.

दोनेक महिने गेले. परवा ती सशाला काखोटीला मारून बाहेर आली, दोनदा शिंकली आणि खेळायला लागली. मी तिसऱ्या शिंकेची वाट बघत उभीच होते. आता बैठकीतला गालिचा काढायचाय.