बर्मा आणि मलेशियाचं लाकूड एका ग्राफवर आणताना (माझा अनुभव)

एम.ए. इकॉनॉमिक्सच्या प्रोजेक्टला मी विषय घेतला, म्यानमार आणि मलेशियातून भारतात येणारं हार्डवूड, २००० नंतरचं. दोन देश, दोन रेषा, यात काय एवढं, असं वाटलेलं.

डेटा युएन कॉमट्रेडवर (संयुक्त राष्ट्रांचा देशोदेशीच्या व्यापाराचा डेटाबेस) फुकट मिळतो, पण म्यानमारने स्वतः दिलेले जुने आकडे इतके तुटक की शेवटी दोन्ही देशांसाठी भारताची आयातच धरली. तिच्या किमतीत भाडं आणि विमा मिळवलेला असतो म्हणून रुपये-डॉलर बाजूला ठेवून फक्त घनमीटर घेतले. वर्षाचाही घोळ आहे, कॉमट्रेड जानेवारी ते डिसेंबर आणि आपलं वाणिज्य मंत्रालय एप्रिल ते मार्च. मी मंत्रालयाचं वर्ष घेतलं कारण म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली ती १ एप्रिल २०१४ ला, म्हणजे बरोबर वर्षाच्या सांध्यावर. कॅलेंडर वर्षात बंदीआधीची खरेदीची झुंबड आणि नंतरचा शुकशुकाट एकाच बारमध्ये जातो आणि काहीच कळत नाही.

मधे एकदा मुंबईत रे रोडच्या लाकडाच्या वखारींत जाऊन आलो. तिथे एक मुकादम काका ओंडक्याला दोरी गुंडाळून घेर मोजत होते, घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. हे हॉपस माप, ब्रिटिशांच्या काळापासूनचं, आणि यात खऱ्यापेक्षा साधारण एकवीस टक्के लाकूड कमी भरतं! बर्मा टीकचे (सागवानाचे) जुने आकडे हॉपस टनात असतात, एक टन म्हणजे १.८ घनमीटर, ते बदलल्याशिवाय मलेशियाशेजारी ठेवूच नका.

काकांना विचारलं, बंदीनंतर बर्माचा माल संपला का? तर म्हणाले, "ओंडका बंद झाला रे बाळा, लाकूड कुठे बंद झालं? आता साईज होऊन, म्हणजे चिरून येतं."

म्हणजे आयात-निर्यातीत प्रत्येक मालाला कोड असतो, त्यातला ४४०३ (ओंडके) एकटा बघितला तर म्यानमार एकदम कड्यावरून पडल्यासारखा दिसतो. ४४०७, म्हणजे चिरलेलं लाकूड, त्याला ओंडक्यांत बदलून (मी १.८ ने गुणलं, चिरताना भुसा आणि तुकडे जातात ना) मिळवलं की घसरण आहेच, पण तेवढी भयानक नाही. मलेशियाचं वेगळंच. मलेशियाच्या द्वीपकल्पाच्या भागाने १९८५ लाच ओंडके बाहेर पाठवणं थांबवलेलं, मग मुख्य माल बोर्निओ बेटावरच्या सारावाक आणि साबाह या दोन राज्यांचा. सारावाकने २०१७ मध्ये डोंगराळ जंगलातल्या लाकडावरचा प्रीमियम (सरकारी आकार) ०.८० रिंगिटवरून थेट ५० रिंगिट प्रति घनमीटर केला, आणि साबाहने २०१८ मध्ये बंदी घातली. एका देशाने एका तारखेला दार लावलं, दुसऱ्याने राज्याराज्याने फट कमी केली, म्हणून दोघांचा एकच "बंदीआधी-बंदीनंतर" असा तक्ता करणं मला तरी चुकीचं वाटतं, जरी मार्गदर्शक मॅडमना तोच हवा होता.

मग प्लायवूडसाठी लागणाऱ्या म्यानमारच्या गर्जन लाकडाचं काय? आपल्याकडच्या काही कंपन्यांनी बंदीनंतर म्यानमारमध्येच व्हिनिअरचे (लाकडाचे पातळ पत्रे) कारखाने टाकले, म्हणून त्याचा कोड ४४०८ पण घ्यावा लागला, आणि पुढे गर्जनच्या जागी आफ्रिकेतल्या गॅबनचं ओकूमे लाकूड यायला लागलं. हे सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या, तिसरा देश काढलास तर सही करणार नाही.