व्यायामासाठी वेगळा वेळ काढूच नका

व्यायामाचा विषय निघाला की आमच्याकडे सगळ्या बायकांचं उत्तर एकच, "अगं वेळच मिळत नाही." आणि ते खरंच असतं हो, सकाळी डबे, मग ऑफिस, हिंजवडीचं ट्रॅफिक, घरी आलं की मुलांचा अभ्यास, त्यातून रोजचा एक तास काढणार कुठून? म्हणून मला मनापासून वाटतं की वेळ काढायच्या भानगडीत पडायचंच नाही, जे काम रोज न चुकता होतंच त्यालाच व्यायाम जोडून टाकायचा.

आमच्या घरी चहा चुकत नाही, तर सूर्यनमस्कार चहाच्या आधी, ते झाल्याशिवाय आधण ठेवायचं नाही. ऑफिसात वर जाताना लिफ्ट नाही. भाजी आणायला गाडी काढायची नाही. रात्री जेवण झालं की लगेच सोफ्यावर न बसता शतपावली, दहा-पंधरा मिनिटं, नवरा पण येतो, आणि दिवसभराच्या गप्पा तेव्हाच होतात. जेवल्यावर चाललं की स्नायू रक्तातली साखर वापरायला लागतात, त्यामुळे ती एकदम वर चढत नाही, घरात डायबेटिस असेल तर ही सवय लावाच लावा.

असं तुकड्यातुकड्यानं करून काय होणार असं खूप जणांना वाटतं. पण जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये जी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, आणि आधी जी अट होती ना की एका वेळी किमान दहा मिनिटं तरी सलग हवीत, ती काढून टाकली. म्हणजे जिना पण मोजायचा, भाजीची चक्कर पण मोजायची, फक्त चाल जरा भरभर हवी, इतकी की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

मला यात सगळ्यात आवडतो तो लंडनच्या बसचा अभ्यास. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी 1953 मध्ये तो छापला. डबल डेकर बसचे ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर तिकिटं फाडत सारखे वरखाली, तर हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी सापडला. त्यांच्यातला कोणी जिमला जात होता म्हणून नाही, ते फक्त आपली ड्युटी करत होते!

आणि ते 10,000 पावलांचं टेन्शन घेऊ नका प्लीज, तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं त्याच्यासोबत आलाय, त्याच्याहून कमी चाललात तरी फायदा होतोच.

रविवारी मात्र आम्ही पर्वती चढतो. 103 पायऱ्या, रुंद आहेत त्यामुळे दमायला होतं पण घाबरायला होत नाही. खरी गंमत तिथल्या माणसांची, वर्षानुवर्षं येणारे आजी-आजोबा, एखादा रविवार गेला नाहीत तर पुढच्या वेळी "का हो, दिसला नाहीत?" असं हमखास विचारतात, आणि या एका प्रश्नासाठी माणूस अंथरुणातून उठतो, हे कुठल्याही ॲपला जमणार नाही. फक्त उतरताना सावकाश, चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, आणि छातीत दुखणं वगैरे काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच.

चालण्याइतकीच ताकद पण महत्त्वाची आहे, आणि आपल्याकडे बायका हे सोडूनच देतात. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काहीतरी हवंच, कारण पाळी गेल्यावर हाडं आणि स्नायू दोन्ही झपाट्यानं उतरायला लागतात, आणि मग जमिनीवरून उठायला पण कोणाचा तरी हात लागतो. माझ्या आईचं तसं होऊ नये असं मला फार वाटतं. म्हणून तिच्या मालिकेला व्यायाम जोडलाय, जाहिराती लागल्या की हात न टेकवता खुर्चीतून उठायचं, परत बसायचं, जाहिराती संपेपर्यंत. सुरुवातीला मी आठवण करायचे, आता ब्रेक लागला की तीच किचनकडे बघून ओरडते, "ये गं, तू पण कर!"