पत्ता माझा, किल्ली त्याची

परवा जिंतूर तालुक्यातल्या गावाहून परभणीला आलेल्या मामांना, ठिबकचे सुटे भाग विकणाऱ्या एका संकेतस्थळावर नाव नोंदवून हवे होते. नाव, गाव, मोबाइल भरून झाले आणि ईमेलच्या रकान्यानंतर पडद्यावर ओळ उमटली की, आपल्या पत्त्यावर लिंक पाठवली आहे, ती उघडल्याशिवाय नोंदणी पूर्ण होणार नाही. मामा म्हणाले, "मी इथं समोर बसलोय की, अजून काय पाहिजे त्याला?"

प्रश्न वाजवी होता. गावात नवखा माणूस पारावर टेकला, की "कोणाचा रे तू?" एवढ्यात त्याची पडताळणी उरकते. संगणकाला मात्र पत्ता पाहून फार थोडे कळते: अमेरिकी संगणक-अभियंते रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये निवडलेले 'ॲट'चे (@) चिन्ह मध्ये आहे, आणि त्यापुढच्या नावाचा सर्व्हर टपाल स्वीकारतो. त्या सर्व्हरवर अमुक पेटी आहे का, हे परस्पर विचारण्याची सोय १९८२ च्या ईमेल-नियमावलीत होती. पण जाहिरातींचा मारा करणारे तिच्याच आधारे चालू पत्ते वेचू लागल्याने बहुतेक सर्व्हरांनी ते दार लावून घेतले. मग उरते आपल्या जुन्या रजिस्टर टपालासारखी पोचपावती. कोणालाही अंदाजाने सांगता येणार नाही अशी लांबलचक अक्षरमाळ लिंकमध्ये घालून पत्र धाडायचे, आणि ती मुदतीत परत आली की पत्र पोचले असे धरायचे. मला ही रीत पटते. निदान एखाद्याने चुकून माझा पत्ता लिहिला, तर त्याच्या नावाचा रतीब माझ्या दारात सुरू होत नाही.

अडचण निराळीच होती. मामांचा ईमेल, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ऑनलाइन केंद्रावरच्या मुलाने काढून दिलेला. पासवर्ड त्याच्याच वहीत. फोन लावला. "काका, स्पॅममध्ये पडलंय," म्हणत त्याने तिकडे लिंक उघडली आणि इकडे पान पुन्हा उघडताच हिरवी खूण दिसली.

मामा खुणेकडे पाहत राहिले. "पत्ता माझा हाय, किल्ली त्याच्याकडं. मग खूण पटली कोणाची?"

पासवर्ड बदलून टाकू म्हणून मी बसलो, तर त्यासाठी लागणारा ओटीपीही त्या मुलाच्याच मोबाइलवर गेला, आणि आता तो फोन उचलत नव्हता.