तुम्ही विचारलंत म्हणून: पेनल्टी घालवणारा सॉक्रेटिस

"कोल्हापूरचे तुम्ही, त्यातून ब्राझीलवाले, आणि आवडता खेळाडू सॉक्रेटिस? ज्यानं पेनल्टी घालवली तो?"

फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की हा प्रश्न मला हमखास येतो. आमच्या पेठांत तेव्हा ब्राझील आणि अर्जेंटिना अशा दोन भावक्या पडतात, आणि ब्राझीलच्या घरात पेले नाहीतर झिको असं सांगायचं असतं. मी सॉक्रेटिस म्हणतो, 1982 चा ब्राझीलचा कॅप्टन. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी त्याची टाच. माणूस सव्वासहा फुटांहून उंच, अंगानं काटकुळा, पावलं मात्र उंचीच्या मानानं लहान. असा गडी गर्रकन वळणार कसा? मग तो वळायचाच नाही. पाठीमागचा साथीदार न बघताच हेरायचा आणि बॉल टाचेनं त्याच्याकडे सारायचा. लोक याला नखरा म्हणतात. मला ती शुद्ध काटकसर वाटते. रिबेराव प्रेतोत तो मेडिकलला होता आणि तिथल्याच बोताफोगो क्लबकडून खेळत होता (रिओचा नामांकित बोताफोगो तो वेगळा). अभ्यासापायी सराव बुडायचा. पाय कमी आणि डोकं जास्त चालवायची सवय तिथलीच असणार. डॉक्टर झाला आणि 1978 साली साओ पावलोच्या कोरिन्थियन्समध्ये गेला.

1964 मध्ये ब्राझीलमध्ये लष्करानं सत्ता घेतली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. पुस्तकवेड्या वडिलांना आपलीच पुस्तकं जाळताना त्यानं पाहिलं. हे तो पुढे नेहमी सांगायचा. मला वाटतं, कोरिन्थियन्समध्ये जे झालं त्याचं मूळ त्या जाळात आहे. 1982 च्या सुमारास त्यानं, व्लादिमीर आणि पोरसवदा कासाग्रांदे या साथीदारांनी आणि आदिल्सन मोंतेरो आल्वेस या समाजशास्त्र शिकलेल्या संचालकानं क्लबात मतदान सुरू केलं. सराव कधी, नवा खेळाडू घ्यायचा का, सगळ्यावर मत. कॅप्टनला एक, किट सांभाळणाऱ्यालाही एकच. सामन्याआधी खेळाडूंना हॉटेलात डांबायची तिकडची जुनी रीत, तीही मतानंच मोडली. देशाचा राष्ट्राध्यक्ष निवडायची लोकांना सोय नव्हती, आणि इथं एक फुटबॉल टीम हात वर करून ठरवत होती! त्या नोव्हेंबरात राज्यांच्या निवडणुका लागल्या, तर शर्टाच्या पाठीवर '15 तारखेला मत द्या' असं छापून ही पोरं मैदानात उतरली. नुसत्या बाता नव्हत्या. 1982 आणि 1983, दोन्ही वर्षं साओ पावलो राज्याची स्पर्धा त्यांनीच मारली.

1982 चा वर्ल्ड कप सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. कॅप्टन तोच. उपांत्य फेरीसाठी बरोबरी पुरेशी असताना इटलीकडून 3-2 असे हरले. पावलो रॉसीचे तिन्ही गोल लोक सांगतात. मला सॉक्रेटिसचा आठवतो. इटलीचा गोलकीपर झोफ आणि जवळचा खांब यांच्यामधल्या वीतभर फटीतून घातलेला.

1984 मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या थेट निवडणुकीसाठी लाखोंच्या सभा झाल्या. सॉक्रेटिसनं जाहीर सांगितलं, तशी घटनादुरुस्ती पास झाली तर मी इटलीला जात नाही. संसदेत 320 मतं हवी होती, 298 पडली. तो इटलीच्या फिओरेंतिना क्लबला गेला आणि एका हंगामात परतला. तिथं त्याचं मन लागलंच नाही.

आता पेनल्टी. मेक्सिकोतला वर्ल्ड कप, 21 जून 1986, ग्वादलाहारा, फ्रान्सविरुद्ध. आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा. वाड्यातल्या एकुलत्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर तीस-एक माणसं, आणि अँटेना धरायला गच्चीवर मी, म्हणजे निम्मा सामना मी नुसता ऐकला. झिकोची पेनल्टी फ्रान्सचा गोलकीपर बात्सनं अडवली तेव्हा खालून शिव्या वर आल्या. 1-1. टायब्रेकरला, म्हणजे निकालासाठीच्या पेनल्ट्यांना, मात्र मी अँटेना सोडून खाली पळालो. पहिलाच सॉक्रेटिस आला. कपाळाला पट्टी. बॉल ठेवला, मागं सरलाच नाही. जागच्या जागी एक पाऊल, आणि मारली. बात्सनं हात घातला.

"पळत येऊन मारायला काय झालं होतं रे याला?" काका ओरडले. पण आधीच्या फेरीत पोलंडविरुद्ध त्यानं तशीच मारून गोल केला होता. मग भीतीपायी पद्धत का बदलावी? पुढे फ्रान्सच्या प्लातिनीनं बॉल वरून घालवला, आम्ही नाचलो. मग आमच्या झुलियो सेझारनं खांबाला मारला आणि सगळं संपलं.

त्याचं सगळं मला आवडतं असं नाही. सिगारेट सोडली नाही, दारूनं यकृत गेलं. डॉक्टर असून! 2011 च्या डिसेंबरात, सत्तावन्नाव्या वर्षी गेला. त्याच दुपारी कोरिन्थियन्स देशाचे चॅम्पियन झाले.

पण आवडता का, तर त्या एका पावलामुळे. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर आम्ही सगळे तशाच, जागच्या जागी पेनल्ट्या मारत होतो. माझी एकही आत गेली नाही. काका अजून म्हणतात, पळत यायला हवं होतं.